नववा हात

१

मांडवीच्या भिकाजीअप्पांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. मूर्तीचं अंग कुणीही करावं, उंदीर शेजारच्या पोरांनी करावा, मोदक तर घरी आलेल्या पाहुण्यालाही वळायला देत. पण मुखाला एकच हात. ज्याने मुख आरंभलं त्यानेच ते पुरं करायचं. मध्येच त्या हाताला काही झालं तर मुख मोडायचं आणि माती पुन्हा पाण्यात घालायची. कारण विचारलं तर अप्पा म्हणत, "कारण सांगितलं तर करशील, नाय तर नाय करणार? मग नकोच करू."

वैशाखात अप्पा जुन्या गिऱ्हाइकाच्या, रावजींच्या गणपतीचं मुख करत बसले होते. सोंड झाली, गाल झाले, कपाळ झालं. डोळे ते नेहमी शेवटाला ठेवत. कोरणी बोटांत धरलेली असतानाच त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि त्याच दुपारी वाचाही गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा जिवंत म्हणावं असं त्यांच्यात डोळ्यांपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. पडवीत शाळा होती, तिच्या मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. मध्ये फक्त चिऱ्याची एक भिंत.

ते मुख ओल्या फडक्याखाली तसंच राहिलं. नियमाप्रमाणे ते मोडायला हवं होतं. पण मोडणार कोण? अप्पांच्या बायकोने दोनदा फडकं उचललं आणि दोन्ही वेळा परत झाकून ठेवलं.

अप्पांची एकुलती एक मुलगी मृणाली मुंबईहून आली. तिथे एका स्टुडिओत ती कॉम्प्युटरवर खेळांसाठी राक्षस घडवायची. मातीऐवजी पडद्यावरचा गोळा, कोरणीऐवजी टॅब्लेटचं पेन, एवढाच काय तो फरक, असं ती म्हणायची. अप्पांना ते कधी पटलं नव्हतं. पण लेकीचा राक्षस पोस्टरवर झळकला तेव्हा ते पोस्टर त्यांनी शाळेत लावलं होतं, देवांच्या रांगेत नाही, पण लावलं होतं.

श्रावण लागायच्या आधी रावजी पाट घेऊन आले. आमच्याकडे गणपतीचा पाट ज्याचा त्याने शाळेत आणून द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी न्यायची. अप्पा पडल्यावर बाकीच्यांनी आपापले पाट दुसरीकडे नेले होते. रावजी, म्हातारा हट्टी माणूस, छत्रीखाली पाट छातीशी धरून दारात उभा.

"काका, अप्पांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे," मृणाली म्हणाली.

"ठाऊक हाय गो बाय. म्हणून तर आलंय. आमच्या गणपतीचं मुख दुसऱ्या कुणाच्या हातचं नको. पाट ठेवतंय मी. पुढचं तू बघ."

ते पाट ठेवून गेलेसुद्धा. मृणालीला वाटलं, एवढं एक आपल्याला जमायला हवं. या एका मुखावर शाळा टिकली तर टिकली.

तिने फडकं काढलं आणि मोबाइल घेऊन त्या अपुऱ्या मुखाभोवती सावकाश फिरली. सगळ्या बाजूंनी ते टिपून घेतलं आणि पडवीतच मांडलेल्या कॉम्प्युटरवर उतरवलं. आता डोळे तेवढे करायचे, मारुती मंदिराजवळच्या गौरवच्या थ्रीडी प्रिंटरवर साचा छापून घ्यायचा आणि त्यात शाडू दाबायची. असा तिचा बेत होता. मुख अप्पांनी आरंभलं होतं आणि आता त्यात आपण हात घालतो आहोत, हे तिच्या मनातही आलं नाही. पडद्यावर काम करणाऱ्याला तो हात घालणं वाटतच नाही.

२

काम सुरू झालं आणि कॉम्प्युटर रडायला लागला. मुख बारकाव्यानिशी उतरलं होतं, लाखो ठिपक्यांचं. पेन फिरवावं आणि रेघ श्वासभर उशिरा उमटावी. अशाने डोळे होत नाहीत. डोळ्याची रेघ एका दमात जावी लागते.

तिने सॉफ्टवेअरच्या सेटिंग उघडल्या. मल्टिप्रोसेसरचा पर्याय बंदच होता. म्हणजे तिच्या मशिनच्या पोटात काम करणारे आठ जण होते आणि त्यांतला एकटा सगळं ओझं वाहत होता, बाकीचे सात बसून. तिने पर्याय चालू केला. शेजारी चाचणीचं बटण होतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच थोडा वेळ काम करून बघतं आणि किती जणांना जुंपलं तर सगळ्यांत वेगात होईल तो आकडा लावतं. पंखा घोंघावला, पट्टी पुढे सरकली, आणि आकडा आला नऊ.

मृणालीने बटण पुन्हा दाबलं. नऊ.

तिने गौरवला फोन लावला. मशीन त्यानेच जोडून दिलं होतं.

"आठच हायत," गौरव म्हणाला. "नऊ कसे येतील? सॉफ्टवेअर येडं झालं असंल. चालतंय ना नीट?"

"चालतंय. लोण्यासारखं चालतंय."

"मग कशाला हात लावतेस? चाललंय ते चालू दे."

आई चहा घेऊन आली होती. फोनवर आकड्यांवरून काय चाललंय, तिने विचारलं. मृणालीने तिला समजेल असं सांगितलं, "आधी एकच माणूस काम करत होता, आता नऊ जण मिळून करतात. एकाच वेळी, एकाच मूर्तीवर."

आईने कप ठेवला. "मुखावर पण?"

"आई, माणसं नाहीत गं ती. मशीन आहे."

"तसं असंल," आई म्हणाली आणि पडद्याकडे न बघता आत गेली.

३

पहिल्या दिवशी डोळ्यांच्या खाचा नीट करून झाल्या. मृणाली दोन्ही बाजू सारख्या ठेवून काम करायची. उजवीकडे रेघ ओढली की डावीकडे आपोआप तशीच उमटायची. वेग आला होता, हाताला चव आली होती. जेवायला हाक आली तेव्हा ती उठली.

परत आली तर मुखाच्या एकाच गालावर, कानाच्या पाळीखाली, एक दाब पडला होता. अंगठ्याने माती चेपावी तसा. दुसरा गाल होता तसाच.

पेन टॅब्लेटवरच राहून गेलं होतं. कलंडलं असेल, टेकलं असेल. तिने ते पुसून टाकलं. पण पुसताना हात जरासा अडखळला, कारण तो दाब वाईट नव्हता. पाळीखाली तिथेच थोडं चेपलेलं असलं की कान मानेपासून सुटा दिसतो. लहानपणी तिने अप्पांना ते करताना शेकडो वेळा पाहिलं होतं.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत पडवीत आली. चेहरा असा की आधी मृणाली घाबरलीच.

"मृणे, अप्पांचा अंगठा हलला गो."

"कधी?"

"तू जेवायला बसलीस तेव्हा. मी त्यांना भरवत होते. उजवा अंगठा. असा दाबल्यासारखा केलानी."

दोघी खाटेपाशी जाऊन बसल्या. अंगठा पुन्हा काही हलला नाही. पण अप्पांच्या डोळ्यांत त्या दिवशी काहीतरी होतं. कामात असताना कुणी मध्येच बोललं की ते असेच बघायचे, माणसाकडे नाही, त्याच्या पलीकडे. आता ते चिऱ्याच्या भिंतीकडे बघत होते.

४

दुसऱ्या दिवसापासून मृणालीने पेन खणात ठेवायला सुरुवात केली. उगीच शंका नको.

मशिनची चाल दाखवणारी छोटी खिडकी तिने पडद्याच्या कडेला उघडून ठेवली. तीत आठ चौकोन होते, प्रत्येकात एक रेघ. ती काम करायची तेव्हा आठही रेघा उसळायच्या, ती थांबली की आठही आडव्या व्हायच्या. असंच व्हायला हवं. त्यांच्या खाली, वेगळ्या ओळीत, नववा चौकोन होता. तो आधी होता की नंतर आला ते तिला नक्की सांगता आलं नसतं.

तिने हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिली. आठ रेघा निजल्या. नववी चालू होती. जोरात नाही, थोडी वर, थोडी खाली, दमून थांबणारी, पुन्हा उठणारी. पंख्याचा आवाज तिच्याबरोबर चढत होता, उतरत होता. बाहेर पाऊस थांबला होता, खाडीकडून येणाऱ्या होड्यांचा फटफटाट ऐकू येत होता, भर दुपारचा उजेड होता आणि पडद्यावर कपाळाची माती सावकाश आत जात होती.

पेन खणात होतं. तिने खण उघडून पाहिलं.

तिने मनाशी कारणं मांडली. फाइल खराब झाली असेल. जुनं काम आणि नवं काम एकमेकांत मिसळलं असेल. नऊचा आकडा आला तेव्हाच काहीतरी बिघडलं असणार. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, आणि सगळी मिळून तिला काही धीर आला नाही.

आतून आईचा वैतागलेला आवाज आला. "मृणे, तू यांच्या हाताला शाडू लावलीस काय गो?"

"मी? मी शाडूला हातसुद्धा लावला नाही."

"मग ही नखांत माती कुठून? सकाळी मी स्वतः नखं काढली, धुतली."

मृणाली आत गेली. अप्पांच्या उजव्या हाताच्या नखांत करडी माती होती. तिने आपल्या नखाने काढून बोटांवर चोळली. ओली होती. फडक्याखालच्या मुखाला कुणी शिवलं नव्हतं आणि घरातली बाकीची शाडू वैशाखापासून पोत्यात बंद होती, वाळून दगड झालेली. जुनी माती असेल, आंघोळीच्या पाण्याने सुटली असेल, असं ती आईला म्हणाली. आईने मान डोलावली. दोघींचाही त्यावर विश्वास बसला नाही, आणि दोघींनीही तो विषय तिथेच सोडला.

५

पुढचे दिवस आईसाठी आनंदाचे होते. अंगठ्यामागून तर्जनी हलली, मग मधलं बोट. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "हात परत येतोय. पण एक लक्षात ठेवा, सुरुवातीला तो आंधळ्यासारखा चाचपडणार. नको तिथे जोर लावणार, हवा तिथे लागणार नाही. ओरडू नका, थांबवू नका. मध्येच तुटलं तर पुन्हा येईलच असं नाही."

मृणालीने हे ऐकलं. दारात उभी राहून नीट ऐकलं. नंतर तिला सगळ्यांत जास्त याचंच वाईट वाटत राहिलं.

कारण इकडे पडद्यावर मुखाची दैना होत होती. गाल चेपले जात होते आणि पुन्हा भरले जात होते. सोंडेच्या मुळाशी बोटं रुतावीत तशा चरा पडत होत्या. डोळ्यांच्या खाचांत तर कुणीतरी सारखं खुपसत होतं, आत काय आहे ते बघायचं असल्यासारखं. मृणाली सकाळी बसून सगळं नीट करायची आणि दुपारच्या जेवणानंतर ते पुन्हा विस्कटलेलं असायचं. काही वेळा ती समोर असतानाच व्हायचं. माती आत जाताना दिसायची, दाबणारं काही दिसायचं नाही. ती खुर्ची मागे ओढायची. खुर्चीत आपण बसलोय आणि काम दुसराच कुणी करतोय, ही गोष्ट अंगाला सहन होत नाही.

गौरवने साच्यासाठी शुक्रवार सांगितला होता. त्यानंतर त्याच्याकडे मखरांची गर्दी.

बुधवारी दुपारी भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता. अप्पांचा हात हातात घेऊन ती व्यायाम करून घेत होती. "दाबा… सोडा. दाबा… सोडा. दमलात? बरं, थांबा जरा."

मृणाली पडद्याकडे बघत होती. आठ रेघा निजलेल्या. नववी वर गेली. खाली आली. वर गेली. खाली आली. मग थांबली.

"हां, आता परत," आई म्हणाली. "दाबा…"

रेघ वर गेली.

६

तिने तेव्हा काय करायला हवं होतं ते आता कुणीही सांगेल. उठून आत जायचं, अप्पांजवळ बसायचं, आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. ती रडलीसुद्धा थोडी, म्हणजे तिला कळलं नव्हतं असं नाही. पण मृणाली हिशेबी डोक्याची मुलगी. अप्पांची रग तिच्यात उतरली होती, अप्पांचं गप्प राहणं नव्हतं. असं काही असूच शकत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. हा योगायोग आहे. आणि योगायोग असेल तर तो तपासता येतो. नऊच्या जागी आठ करायचं. मशिनमध्ये आहेत तेवढेच. मुख सुधारलं तर दोष सॉफ्टवेअरचा, आणि आत अप्पांचा हात आपला आपण हलतच राहील. मग भीतीही जाईल आणि शुक्रवारही गाठता येईल.

गुरुवारी जेवणं झाल्यावर ती पडवीत आली आणि दारातच थांबली.

मुख नीट होत होतं.

सगळ्या चरा बुजल्या होत्या. गाल तिने केले होते त्याहून शांत झाले होते, पाळीखालचा तो दाब परत आला होता. आणि एका खाचेत, मुखाच्या डाव्या बाजूला, डोळा उमटत होता. चाचपडत नाही, खुपसत नाही. वरची पापणी एका दमात काढलेली होती. खालची निम्म्यावर आली होती आणि पुढे सरकत होती, इतकी सावकाश आणि इतकी खात्रीने की बघणाऱ्याने श्वास धरावा. नववी रेघ थरथरत नव्हती. सरळ, उंच चालली होती.

मृणालीने हे सगळं पाहिलं. पण तिने आधी पाहिली ती नजर. तो डोळा अजून पुरा उघडला नव्हता आणि तरी तो बघत होता. तिच्याकडे नाही, तिच्या पलीकडे, कामात कुणी मध्ये आलं की बघावं तसा.

ती घाबरली. एवढंच झालं. सगळा विचार, सगळा हिशेब बाजूला राहिला आणि भीतीने तिला खुर्चीपाशी ढकललं. खालच्या पापणीची रेघ कोपऱ्याला टेकली तोवर सेटिंग उघडलेल्या होत्या. डोळा पुरा झाला. दुसऱ्या खाचेत माती जराशी हलली. मृणालीने नऊचे आठ केले.

पंखा खाली आला. नववा चौकोन नव्हता. दुसऱ्या खाचेतली माती हलायची थांबली.

भिंतीपलीकडे आई म्हणाली, "अहो?" मग थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, काय झालं?"

मृणाली धावली. अप्पांचा उजवा हात खाटेवरून उचललेला होता. वैशाखापासून कुणी तो इतका उचललेला पाहिला नव्हता. कोपरात वाकवून, छातीच्या वर, हवेत. अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, बारीक कोरणी धरल्यासारखी. तो तिथेच थांबला होता. पुढे कुठेतरी पोचायचं होतं आणि तिथली जागाच नाहीशी झाली होती, असा. अप्पा हाताकडे बघत होते. मग त्यांनी दाराकडे, मृणालीकडे पाहिलं, आणि या वेळी ते तिच्या पलीकडे बघत नव्हते.

हात खाली पडला. आईने तो लगेच उचलून छातीशी धरला. "किती छान चालला होता गो," ती म्हणाली. "किती वेळ चालला होता. मी तुला हाक मारणार होते, पण म्हटलं मध्ये बोलू नये."

मृणाली परत पळत गेली. आठाचे नऊ करायला गेली तर आकडा आठावरून पुढे जाईना. तिने चाचणीचं बटण दाबलं. पट्टी सरकली, पंखा घोंघावला. आठ. पुन्हा दाबलं. आठ. मशीन बंद करून चालू केलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, गौरवला बोलावलं. गौरव म्हणाला, "आता बरोबर झालंय की."

७

शुक्रवार आला आणि गेला.

रावजी चौकशीला आले तेव्हा मृणालीने त्यांना काही समजावून सांगितलं नाही. नुसती पडद्यासमोर खुर्ची दिली. म्हाताऱ्याने चष्मा लावला, काढला, पंच्याने पुसून पुन्हा लावला. एक डोळा पुरा, दुसरीकडे रिकामी खाच.

"हा डोळा अप्पांचा," रावजी म्हणाले.

"हो."

"कसा केलानी?"

मृणालीची नजर रिकाम्या खाचेवर होती. एक बटण दाबलं असतं तर हाच डोळा उलटून दुसऱ्या बाजूला बसला असता. निमिषाचं काम. अनेकदा ती तिथवर गेली होती आणि माघारी आली होती. या मुखात आणखी एक हात आता तिला घालायचा नव्हता.

"दुसरा कधी करतायत?" रावजींनी विचारलं.

तिला हुंदका आवरला नाही. रावजी उठले. मग आत जाऊन अप्पांच्या खाटेपाशी उभे राहिले आणि बाहेर येऊन छत्री उघडली.

"पाट राहू दे इथंच," ते म्हणाले. "यंदा नव्या पाटावर आणतंय कुठून तरी. दुसरा डोळा झाला की सांग."

पाट अजून तिथेच आहे. व्यायामाच्या बाई काही दिवस येत राहिल्या, मग त्यांनी येणं बंद केलं. मृणाली मुंबईला परत गेली नाही. रोज दुपारी जेवणं झाली की ती मशीन लावते, ते मुख उघडते, पेन खणात ठेवते आणि आत येऊन अप्पांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन बसते. दाबा, म्हणते. सोडा, म्हणते. भिंतीपलीकडे पंखा एकसुरी चालत असतो. अप्पा तिच्याकडे बघत असतात. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने काही विचारलंही नाही. पण सकाळी अप्पांना पुसताना ती त्यांचा उजवा हात उजेडात धरते आणि एकेक नख निरखून बघते. नखं स्वच्छ असतात.